घंटा वाजेपर्यंत उठायचं नाही

मी एक जुना टायमर आहे. मित्रांनो, टायमर म्हटल्यावर तुमची नजर लगेच मोबाइलकडे जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी मोबाइलमधला नव्हे. मी हाताने फिरवायचा, टिकटिक करणारा आणि वेळ संपली की टर्रर्र करून माणसाला जागेवरून उडवणारा टायमर आहे. एका वेळी साठ मिनिटे मोजतो. त्याहून जास्त मला जमत नाही आणि कमी मोजले म्हणून मी कधी कुरकुर करत नाही. माझा पस्तीसचा आकडा बोटांनी घासून पुसला गेला आहे. पाठीवर एक चिकटपट्टी आहे, तिच्यावर निळ्या शाईने चार शब्द लिहिले आहेत. ते शब्द काय आहेत हे शेवटी सांगेन, कारण ते मिळवायला मला बरेच काही बघावे लागले.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे लांब बाकावर बसलेली एक बाई प्रत्येक टायमर कानाशी धरून ऐकायची. मला तिने दोनदा ऐकले आणि शेजारणीला म्हणाली, “ये ठीक बोलता है.” आयुष्यातले हे माझे पहिले कौतुक. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढे सैन्याच्या कँटीनमधून मला हवालदार गुलाबरावांनी विकत घेतले. त्यांच्या बायकोला, विजयाबाईंना, दूध उतू जाऊ द्यायची खोड होती. मी आल्यावर ती मोडली. या घराबरोबर मी झाशी पाहिली, भटिंडा पाहिले, जबलपूर पाहिले. बदली झाली की पांढऱ्या रंगाने नाव घातलेल्या काळ्या ट्रंकेत मी कणकेच्या परातीशेजारी झोपायचो आणि नव्या गावी पुन्हा ओट्यावर उभा राहायचो. अंडी उकडणे, भात, हेरंबच्या कपाळावरची ओली घडी किती वेळाने बदलायची, सगळे माझ्या जिवावर चालायचे.

हेरंब म्हणजे त्यांचा मुलगा. अभ्यासाला बसवताना विजयाबाई मला चाळीसवर फिरवून जायच्या. आई वळली की हा पठ्ठ्या मला हाताने उलटा फिरवून शून्यावर आणायचा. माझी रचनाच अशी आहे की शून्यावर आलो की मी वाजतोच, मग ती वेळ खरी संपलेली असो की कुणी संपवलेली असो. मी वाजायचो आणि हेरंब पटांगणावर पळायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. कुणी माझ्या तोंडून खोटे वदवून घेत आहे असे वाटायचे.

हेरंब मोठा झाला, बंगळुरूला नोकरीला गेला. गुलाबराव सुभेदार झाले आणि दिल्ली छावणीत आले. घरात मोबाइल आले, त्यांत फुकटचे टायमर आले आणि माझी रवानगी ओट्याखालच्या खणात झाली. सोबतीला रबरबँड, बिनकुलपाच्या किल्ल्या आणि कापराची डबी. सहा वर्षे मी तिथे होतो. मित्रांनो, वस्तूला कामावाचून ठेवणे यापेक्षा तिला टाकून देणे बरे, असे तेव्हा रोज वाटायचे.

मला तिथून वैभवीने बाहेर काढले. वैभवी म्हणजे विजयाबाईंच्या मामेबहिणीची मुलगी. मेहकरहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीला आलेली. गौरीच्या जेवणाला ती छावणीत आली होती आणि आरतीसाठी काडेपेटी शोधत होती. काडेपेटीऐवजी मी हाताला लागलो. तिने मला फिरवले. मी सहा वर्षांनी टिकटिकलो आणि तिचा चेहरा खुलला.

“मावशी, हा मला देतेस? उत्तरं लिहिताना मोबाइलवर वेळ लावते गं, आणि मग मोबाइलच बघत बसते.”

“घेऊन जा की. पण रोज वापर हं त्याला. पडून राहिला की रुसतो.”

असा मी करोल बागेजवळच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आलो. खोली एवढीशी. दोन पलंग, दोन टेबले आणि भिंतीवर भारताचा नकाशा. दुसऱ्या पलंगावर सोनम. ती अमळनेरची, शेतकी पदवी घेतलेली, बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. तिने मला पाहताच नाव ठेवले, हेडमास्तर.

तिथे मला कळले की माझा खरा जन्म याच कामासाठी होता. दीडशे शब्दांचे उत्तर सात मिनिटांत, अडीचशे शब्दांचे अकरा मिनिटांत. रविवारी पूर्ण पेपर, तीन तासांचा. मला साठच मिनिटे येतात, म्हणून पेपरला माझे तीन फेरे लागायचे. वैभवीने नियम केला होता, घंटा वाजेपर्यंत उठायचं नाही. खाली भाजीवाला ओरडो, दारावर कुणी थाप मारो, पेन खाली ठेवायचे नाही. हेरंबसारखा चावटपणा तर तिने एकदाही केला नाही. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा! आणि खरे सांगायचे तर स्वतःचाही जरा जास्तच वाटू लागला होता.

जानेवारीत तिच्या पोटात दुखू लागले. उजव्या बाजूला, खाली. ती म्हणायची, मेसच्या राजम्यानं धरलंय. ओवा खायची आणि पुन्हा लिहायला बसायची. दुखणे यायचे, थोड्या वेळाने जायचे, त्यामुळे तिला ते खोटेच वाटायचे.

मग तो रविवार आला. पेपरचा तिसरा फेरा चालू होता आणि माझी बावीस मिनिटे उरली होती. वैभवीचा हात एकदम थांबला. ती टेबलावर वाकली. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसांत.

“ऊठ गं, आडवी हो,” सोनम म्हणाली.

“नको. हेडमास्तर वाजू दे.”

“अगं, काय वाजू दे? चेहरा बघ तुझा!”

“परीक्षेत दुखलं तर काय उठून जाऊ? बस, बावीसच मिनिटं आहेत.”

मित्रांनो, ती बावीस मिनिटे मी जशी मोजली तशी पुन्हा कधी मोजायला लागू नयेत. मला घाई करता येत नाही. तिचा ओठ दाताखाली होता, अक्षर ओळीबाहेर चालले होते आणि मी आपला टिक टिक, टिक टिक. शेवटी वाजलो. ती उठली, दोन पावले चालली आणि दारातच ओकून खाली बसली. ज्या नियमाचा मला अभिमान होता त्याची त्या दिवशी मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सोनमने तिला ओढतच सोनोग्राफीला नेले. तिथे काय झाले ते मला नंतर दोघींच्या बोलण्यातून कळले. उजव्या अंडाशयाला गाठ निघाली, पाण्याने भरलेली, लिंबापेक्षा बरीच मोठी. बायकांच्या पोटात दोन अंडाशये असतात, त्यांतल्या एकाला ही आगंतुक येऊन चिकटली होती. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बजावले होते, “दर्द अचानक तेज हो और उल्टी हो, तो रुकना मत.” तिथून दोघी एका खासगी रुग्णालयात गेल्या. खिडकीपलीकडच्या माणसाने नावही विचारायच्या आधी विचारले, “इन्शुरन्स है?” नव्हता. वैभवीचे बाबा काकासाहेब मेहकरला शाळेचे गणवेश शिवतात. मुलीला दिल्लीला पाठवताना त्यांनी क्लास, खोली, मेस सगळ्याचा विचार केला होता, पण चोवीस वर्षांची धडधाकट पोर आजारी पडेल हे काही त्यांच्या मनात आले नव्हते. “नहीं है,” वैभवी म्हणाली. त्या माणसाने खर्चाचा अंदाज एका कागदावर छापून दिला. तो कागद तिने घरी आणून घडी केला आणि माझ्याखाली दाबून ठेवला. माझ्या अंगाखाली इतका जड कागद कधी आला नव्हता.

“पूर्वपरीक्षा झाल्यावर बघू,” ती म्हणाली. म्हणजे मे महिन्यात. घरी सांगायचे नाही, असेही ठरले. मग ती मोबाइलवर वाचत बसली. नको ते वाचले, नको ती नावे वाचली आणि रजईत तोंड घालून रडली. सोनमला ते ऐकू येत होते. मलाही.

सोनमने तेव्हा एक काम सुरू केले. वैभवीला कळ आली की ती मला साठवर फिरवायची. कळ ओसरली की किती मिनिटे गेली ते बघून वहीत लिहायची. सोमवार, संध्याकाळी चार वाजून दहा, चौदा मिनिटे, एक उलटी. बुधवार, सकाळी सव्वाअकरा, एकोणीस मिनिटे, दोन उलट्या. वैभवी चिडायची. “काय प्रयोगशाळा लावलीयस का माझी?” सोनम म्हणायची, “आम्ही शेतात रोपट्याचंसुद्धा रोज मोजून लिहितो. तू तर माणूस आहेस.”

गुरुवारी दुपारी वैभवीने एक वेडेपणा केला. असा वेडेपणा फक्त या गल्लीतलीच मुले करू शकतात. तिने उत्तरपत्रिकेचा कोरा कागद घेतला आणि वर प्रश्न लिहिला, ‘वैभवी घुगे हिच्या पोटातील गाठीची समस्या स्पष्ट करा. उपाय सुचवा. अडीचशे शब्द.’ मला अकरावर फिरवले आणि लिहायला लागली. प्रस्तावना झकास उतरली. कारणे झाली, परिणाम झाले, अगदी मुद्देसूद. मग तिने ‘पुढील मार्ग’ असे लिहून खाली रेघ मारली आणि पेन थांबले. चार मिनिटे ती त्या शब्दांकडे बघत राहिली. मी वाजलो तेव्हा खालची जागा कोरीच होती.

सोनमने कागद ओढून घेतला. वाचून आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले. तिने वैभवीच्या हातातून पेन घेतले आणि रेघेखाली मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘विजया मावशीला फोन. उद्या सकाळी सरकारी रुग्णालय. घरी सांगणे, हे तू स्वतः.’

“वेळ संपल्यावर लिहिलेलं तपासत नाहीत,” वैभवी पुटपुटली.

“मी तपासते. चल, फोन लाव.”

विजयाबाई शुक्रवारी पहाटे रिक्षाने हजर. हातात थर्मास, डब्यात मऊ भात. सोनमने त्यांना विचारून बघितले, “मावशी, आर्मी हॉस्पिटलमध्ये हिला तुमची मुलगी म्हणून नेलं तर?”

“खोटं नाव सांगून पोट कापून घ्यायचं होय गं? उद्या काही कमी-जास्त झालं तर कागदावर माझी पोरगी आणि आत बहिणीची? अजिबात नाही. सरळ नावानं जायचं. एवढं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, लाखो माणसं बरी होऊन येतात तिथून. रांग लागेल, लागू दे. मी आहे ना रांगेत उभी.”

आणि खरोखरच त्या उभ्या राहिल्या. मी सोनमच्या पिशवीत, वहीच्या शेजारी होतो. पर्ची म्हणजे केसपेपर काढायची रांग, मग बायकांच्या विभागाची रांग. थंडीने बायका शाली पांघरून बसल्या होत्या. एक आजी वैभवीला म्हणाली, “बेटा, यहाँ बैठ जा, तेरा रंग उड़ा हुआ है,” आणि सरकून जागा दिली. बारा वाजता नंबर लागला.

आत डॉक्टर अलकनंदा होत्या. थकलेल्या डोळ्यांच्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारले, “दर्द कितना रहता है?”

“कभी कभी होता है,” वैभवी म्हणाली. मराठी मुलींना आपले दुखणे लहान करून सांगायची भारी सवय. डॉक्टर पुढच्या महिन्याची तारीख लिहायला लागल्या.

“कभी कभी नहीं, मॅडम!” सोनमने वहीच टेबलावर ठेवली. “पाँच दिन में छह बार. सब लिखा है. पहले चौदह मिनट, कल छब्बीस मिनट. हर बार उल्टी.”

डॉक्टरांचे पेन थांबले. त्यांनी वहीचे पान एकदा वाचले, मग बोट ठेवून पुन्हा वाचले. “इतना सही टाइम किसने नापा?”

सोनमने मला पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. डॉक्टर मला बघून जराशा हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. त्यांनी समजावून सांगितले. गाठीच्या वजनाने अंडाशय देठावर पिळले जात आहे आणि पुन्हा सुटत आहे, म्हणून कळ येते आणि जाते. पण कळ लांबत चालली आहे. “किसी दिन घूमेगा और छूटेगा नहीं. तब अंडाशय निकालना पड़ेगा. तारीख नहीं दूँगी, आज ही भर्ती करूँगी. बचाने की पूरी कोशिश करेंगे.”

मित्रांनो, मे महिन्यात काय झाले असते याचा विचार मी अजूनही करत नाही.

ऑपरेशनच्या आधी वैभवीने घरी फोन लावला. पलीकडून शिलाई मशीनची धडधड ऐकू येत होती. तिने सगळे सांगितले, एका दमात, मध्ये न थांबता. मशीन थांबले.

“बाबा?”

“ऐकतोय.” काकासाहेब म्हणाले. “एवढं एकटीनं अंगावर काढलंस? पोरी, तू पास हो, नापास हो, मला सगळं चालतं. हे नाही चालत. मी आणि आई निघालोच. भिऊ नकोस.”

“नाही भीत,” ती म्हणाली. ती भीत होती. पण आता एकटी भीत नव्हती आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

त्याच दुपारी तीन वाजता तिला आत नेले. बाहेरच्या बाकावर विजयाबाई आणि सोनम. सोनमने मला साठवर फिरवून मांडीवर ठेवले. “उगाच हं मावशी. हातात काहीतरी पाहिजे म्हणून.” पहिला फेरा संपला. सोनमने मला पिशवीत दडपले, तरी मी वाजलो आणि शिपाई ओरडलाच. दुसरा फेरा. विजयाबाईंनी थर्मासातला चहा ओतला आणि तो कुणीच प्यायले नाही. तिसऱ्या फेऱ्यातली बावीस मिनिटे उरली होती. मला तो रविवार आठवला आणि माझी टिकटिक मलाच नकोशी झाली.

दार उघडले. डॉक्टर अलकनंदांनी मास्क खाली ओढला. “गाँठ निकाल दी. घूमा हुआ था, सीधा किया तो रंग लौट आया. अंडाशय बच गया.”

विजयाबाईंनी तिथेच दोन्ही हात जोडले. सोनमने मला एवढे घट्ट धरले की माझा काटा वाकतो की काय असे वाटले. गाठ पुढच्या तपासणीला गेली आणि दहा दिवसांनी कागद आला, साधीच गाठ होती, भिण्यासारखे काही नाही. काही औषधे आणि तपासण्या बाहेरून कराव्या लागल्या, त्यांचा भार सगळ्यांनी मिळून उचलला. तो खासगी रुग्णालयाचा कागद मेहकरहून आलेल्या काकासाहेबांनी खोलीतल्या टेबलावरून उचलला, वाचला आणि खिशात ठेवला. गावी गेल्यावर त्यांनी आधी घरातल्या सगळ्यांच्या आरोग्य विम्याचे अर्ज भरले आणि मगच मशीनला हात लावला.

वैभवी छावणीत तीन आठवडे विजयाबाईंकडे राहिली. तिथे मी पुन्हा जुन्या ओट्यावर होतो, तिच्या गोळ्यांच्या वेळा मोजत. मग आम्ही तिसऱ्या मजल्यावर परतलो. परीक्षेचे काय होईल ते मे महिन्यात कळेल, आणि मे यायला अजून अवकाश आहे.

परवाच्या रविवारी तिने पहिल्यांदा पूर्ण पेपर लिहायला घेतला. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्यात माझी सतरा मिनिटे उरली असताना तिचे टाके ओढले. तिने पोटावर हात ठेवला. हात लिहिता लिहिता थांबला. सोनम आपल्या टेबलावरून बघत होती. मीही श्वास रोखून टिकटिकत होतो.

वैभवीने पेन खाली ठेवले. मला उचलले आणि उलटे फिरवून शून्यावर आणले.

मी वाजलो. सतरा मिनिटे आधी, चक्क खोटा, हेरंबच्या काळातल्यासारखा. आणि मित्रांनो, इतक्या आनंदाने मी उभ्या आयुष्यात कधी वाजलो नव्हतो. ती उठली, पाणी प्यायली, पलंगावर आडवी झाली. अर्ध्या तासाने तिला बरे वाटले तेव्हा मला पुन्हा सतरावर लावून तिने उरलेले उत्तर पुरे केले. मग चिकटपट्टीचा तुकडा फाडून माझ्या पाठीवर लावला आणि त्यावर लिहिले, ‘दुखलं तर आधी ऊठ’.

तेच माझे चार शब्द. मी टायमर आहे. मला मिनिटे कळतात, दुखणे कळत नाही. ते तुम्हालाच कळते. तेव्हा मित्रांनो, तुमच्या टेबलावर माझ्यासारखा एखादा हेडमास्तर असेल तर त्याला जपा, रोज फिरवा, त्याचे ऐका. पण पोटात कळ आली तर त्याच्या घंटेची वाट बघू नका. त्याला खुशाल शून्यावर फिरवा. तो रागावणार नाही.